मालिशीने पायात ताकद येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डोक्याला मार लागलेल्या माणसाची बातमी बहुतेक वेळा ‘प्रकृती स्थिर आहे’ इथे संपते. घरच्यांची परीक्षा त्यानंतर सुरू होते. दवाखाना नागपूरचे मेडिकल असो, मेयो असो, सेवाग्राम असो की सावंगी; सुट्टी झाली की पेशंट गाडीत आडवा होऊन गावी येतो, सपरीत बाज टाकली जाते आणि आठवडाभरात दोन गोष्टी ठरून जातात. सकाळ-संध्याकाळ तेलाची मालिश, आणि ‘त्याला आराम करू द्या, उठबस नको’. दोन्ही मायेपोटीच होते. पण दोन-तीन महिन्यांनी पाहावे तर मांड्या वाळलेल्या, पोटऱ्या मऊ पडलेल्या, टाच जमिनीला टेकत नाही, आणि माणूस दोघांच्या खांद्यावर हात टाकल्याशिवाय मोरीपर्यंतही जात नाही. सगळे म्हणतात, मेंदूलाच मार लागला, आता काय करणार. यातला बराचसा भाग मेंदूच्या माराचा नसतो, बाजेचा असतो. त्याबद्दल हे पत्र.

डोक्याच्या मारानंतर पाय कमजोर होण्याची कारणे दोन. पहिले, मेंदूकडून स्नायूला जाणारा हुकूम अर्धवट पोहोचतो. दुसरे, आयसीयूत आणि नंतर घरी पडून राहिल्याने स्नायू झिजतो. पहिल्या कारणावर काही अंशी आणि दुसऱ्यावर चांगलाच इलाज करता येतो, आणि तो एकच आहे: स्नायूला त्याच्या ताकदीच्या जवळपास जाणारे ओझे देणे आणि ते हळूहळू वाढवत नेणे. मालिशीने बरे वाटते, कातडी चांगली राहते, घरचा माणूस जवळ बसतो. ताकद मात्र येत नाही. बैलाला सहा महिने गोठ्यात बांधून रोज अंगाला तेल लावले तर तो पेरणीला चालेल का, हे शेतकऱ्याला आम्ही सांगायची गरज नाही.

‘व्यायामाने ताठरपणा वाढतो’ हा समज फार खोलवर गेला आहे. एकेकाळी आमच्या फिजिओथेरपीच्या व्यवसायातही हेच शिकवले जात असे. ज्या पायात ताण आहे, म्हणजे गुडघा वाकवताना अडतो किंवा पाऊल आपोआप खाली-आत वळते, त्या पायाला वजन दिले तर ताण कायमचा वाढेल, अशी ती भीती होती. नंतरच्या अभ्यासांत ती खरी ठरली नाही. ताठरलेला स्नायू बहुधा कमजोरही असतो, आणि त्याला ताकद लागतेच.

सुरुवात करण्याआधी काही गोष्टी तपासल्याच पाहिजेत. इथे चूक महागात पडते.

ऑपरेशनमध्ये कवटीचे हाड काढून ठेवले असेल (कधी ते पोटाच्या कातडीखाली ठेवलेले असते), तर हाड परत बसेपर्यंत जड वजन उचलणे, श्वास रोखून जोर लावणे आणि डोके छातीच्या खाली जाईल असे वाकणे बंद. त्या बाजूला मेंदूवर हाडाचे कवच नसते, त्यामुळे उभे राहताना डोक्यावर संरक्षक टोपी आणि शेजारी माणूस हवाच. उठबस आणि चालणे या काळातही करता येते, पण सर्जनला विचारून. झटके (फिट) येत असतील किंवा आलेले असतील तर त्याची गोळी एकही चुकवायची नाही. व्यायामाचा दिवस आणि गोळी चुकल्याचा दिवस एक आला की धोका वाढतो. एकच पोटरी सुजली, गरम आणि दुखरी झाली, तर तिला हातही लावू नका. आत रक्ताची गाठ असू शकते, आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मालिशीचा खरा धोका हा आहे. मांडीचा सांधा, गुडघा किंवा कोपर गरम होऊन दिवसेंदिवस कमी वाकू लागला, तर सांध्याभोवती नको तिथे हाड तयार होत असण्याची शक्यता असते. गंभीर दुखापतीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हे घडते. अशा सांध्याला हाडवैद्याकडे नेऊन जोराने मोडायचे नाही, एक्स-रे काढायचा. आणि डोकेदुखी वाढत जाणे, उलट्या, नव्याने गुंगी, नव्याने एका बाजूला कमजोरी यांपैकी काहीही दिसले तर व्यायाम बाजूला ठेवून थेट दवाखाना. म्हाताऱ्या माणसांत मार लागल्यानंतर कित्येक आठवड्यांनीही मेंदूभोवती रक्त साचू शकते. तेव्हा ‘आता तर महिना झाला’ असे म्हणून थांबू नये.

चालण्यासाठी नेमकी ताकद कुठे लागते? लोक गुडघ्याकडे पाहतात, मांडी बळकट करायला सांगतात. मांडी उभे राहायला लागते हे खरे, पण माणसाला पुढे नेणारा जोर तीन ठिकाणांहून येतो. पाऊल टेकल्याबरोबर कुल्ल्याच्या स्नायूंकडून. मागचा पाय जमीन सोडताना पोटरीकडून. आणि लगेच तो पाय पुढे ओढणाऱ्या जांघेच्या स्नायूंकडून. तिघांत सगळ्यात जास्त जोर पोटरीचा. पोटरीचा धक्का गेला की माणूस पाय ओढत, कंबर उचलत, छोट्या पावलांनी चालतो. तरीही घरोघरी जो व्यायाम चालतो तो खुर्चीवर बसून गुडघा सरळ करण्याचा. तो सोपा आहे, दिसतो छान, आणि चालण्यात त्याचा वाटा थोडा आहे.

दुसरी गोष्ट वेगाची. चालताना पोटरीला ढकलायला मिळणारा वेळ सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढा असतो. दहा सेकंद घेऊन हळूहळू खूप वजन उचलणारा स्नायू त्या पाचव्या हिश्श्यात उपयोगी पडेलच असे नाही. मेंदूच्या दुखापतीनंतरच्या ताकदीच्या व्यायामांवर जे अभ्यास झाले, त्यांत ताकद वाढली पण चाल तेवढी सुधारली नाही, असे वारंवार दिसले. त्याचे एक कारण असे सांगितले गेले, की व्यायाम चालण्याच्या स्नायूंना आणि चालण्याच्या वेगाने दिलेला नव्हता. ऑस्ट्रेलियातील फिजिओथेरपिस्ट गॅव्हिन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणूनच हलके वजन, पण झटक्याने, अशा पद्धतीवर काम केले. ही जादू नाही, आणि आधी साधी ताकद आल्याशिवाय ती कामाचीही नाही. पण ‘वर झटकन, खाली हळू’ हे सूत्र गावातल्या घरात पाळायला एक रुपयाही लागत नाही.

आता प्रत्यक्ष. जो अजून उभा राहत नाही, त्याने जमिनीवर सतरंजीवर पाठीवर झोपून दोन्ही गुडघे वाकवायचे, टाचा टेकवायच्या आणि कुल्ले उचलायचे. बाजेवर हे करू नका. दोरी झोल देते, कुल्ल्यांना विरोधच मिळत नाही. दोन्ही पायांनी १२ वेळा सोपे गेले की चांगला पाय थोडा पुढे सरकवायचा, म्हणजे भार कमजोर पायावर येतो. पुढे एकाच पायावर. श्वास रोखू द्यायचा नाही. मोठ्याने आकडे म्हणायला लावले की श्वास आपोआप चालू राहतो.

उठबस हा या सगळ्यातला राजा व्यायाम. त्यासाठी बाज नको, भिंतीला पाठ लावून ठेवलेली लाकडी खुर्ची हवी. प्लास्टिकची खुर्ची मागे सरकते, आणि तिच्या पायांखाली विटा लावून उंची वाढवण्याचा प्रयोग तर मुळीच नको. उंची हवी असेल तर बसायच्या जागी सतरंजीची घट्ट घडी ठेवा किंवा घरचा ओटा वापरा. हात न लावता पाच वेळा उठता येईल आणि पाचव्या वेळी दमछाक होईल, ती उंची बरोबर. पाऊल गुडघ्याच्या सुमारे १० सेंटीमीटर मागे, टाच टेकलेली. आधी पुढे वाकायचे, नाक पायाच्या बोटांच्या वर आले की उठायचे. उठताना झटकन, बसताना मनात तीन मोजत. ठरलेली चूक एकच: माणूस सगळा भार चांगल्या पायावर घेतो आणि कमजोर पाय नुसता शोभेला ठेवतो. मोजणाऱ्याला वाटते व्यायाम झाला. चांगला पाय अर्धे पाऊल पुढे ठेवायला लावा, लबाडी लगेच थांबते. उंची हळूहळू कमी करत न्या. नेहमीच्या उंचीवर १२ वेळा जमले की छातीशी दप्तर धरून त्यात वजन घाला.

वजन कशाचे? एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो, हे पक्के माप घरात असतेच. कोरडी रेती त्याच बाटलीत भरली तर साधारण दीड किलोच्या आसपास जाते, पण ओली रेती आणखी जड, म्हणून किराणा दुकानातल्या काट्यावर एकदा मोजून बाटलीवर आकडा लिहून ठेवा. अंदाजाने ‘थोडं वाढवलं’ म्हणणे हीच वजनाच्या व्यायामातली सगळ्यात सामान्य चूक आहे. घोट्याला बांधायचे वजन जुन्या जीन्सच्या पायातून होते: दोन्ही टोके शिवून आत अर्धा-अर्धा किलो रेतीच्या पिशव्या ठेवायच्या, म्हणजे गरजेप्रमाणे कमी-जास्त करता येतात. ज्या पायाला स्पर्श नीट कळत नाही, तिथे आधी मोजा घाला आणि सोडल्यावर कातडी पाहा. लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर बांधणी घट्ट होती.

पोटरीसाठी टाचा उचलणे. भिंतीकडे तोंड, बोटांची टोके भिंतीला टेकवलेली, गुडघे सरळ, दोन्ही टाचा होतील तेवढ्या वर. पहिल्या दिवशी टाचा पूर्ण वर असताना डोके जिथवर पोहोचते तिथे भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारा. प्रत्येक वेळी डोके त्या रेघेला गेलेच पाहिजे, नाहीतर दहाव्या वेळेपर्यंत टाच बोटभरच उचलली जाते आणि मोजणी मात्र पूर्ण होते. क्रम असा: दोन्ही पायांनी वर, दोन्हीने खाली, मग दोन्हीने वर, कमजोर एकट्याने खाली, मग एकट्याने वर आणि खाली, मग पाठीवर वजन, आणि शेवटी झटक्याने वर. निरोगी तरुण माणूस एका पायावर २० वेळा सहज टाच उचलतो. डोक्याच्या मारातून उठलेला, दिसायला बरा चालणारा तरुण पाचवरच थांबताना दिसतो, आणि मग तो पळू का शकत नाही याचे उत्तर तिथेच मिळते. चुका तीन: गुडघा वाकवून उसळी घेणे, हातांनी भिंत ओढणे, आणि घोटा बाहेर लवंडणे. तिसरी चूक दिसली तर एका पायावर जाऊ नका. घोटा मुरगळतो आणि महिनाभराची मेहनत जाते.

टाच जमिनीलाच टेकत नसेल तर काय? मग पोटरी आखडली आहे. हाताने पाच मिनिटे ओढून त्यात फारसा फरक पडत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. त्यासाठी काही दिवसांनी बदलत नेण्याचे प्लास्टर, स्प्लिंट (पाऊल जागेवर धरून ठेवणारा आधार), कधी ताण कमी करणारे इंजेक्शन लागते, आणि ते मोठ्या दवाखान्यात होते. चालताना पाऊल लोंबत असेल तर पायाचा साचा, म्हणजे एएफओ, लागतो. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून अशी साधने मिळतात. साचा घालून चालणे आणि साचा काढून पोटरीचा व्यायाम करणे, दोन्ही बरोबर चालू शकते. ‘साच्याने पाय आळशी होतो’ म्हणून तो खुंटीला टांगून ठेवू नये.

पायरी चढणे हा कुल्ल्याचा आणि मांडीचा एकत्र व्यायाम. घराची पायरी बहुधा १५ ते २० सेंटीमीटर असते, ती सुरुवातीला जास्त होते. चार विटा सपाट जोडून मातीत घट्ट बसवल्या की सात-साडेसात सेंटीमीटरची पायरी तयार. कमजोर पाऊल वर ठेवायचे, ते तिथेच राहील. चांगला पाय वर आणायचा आणि परत खाली. इथेही चांगला पाय खालून ढकलतो. त्याची बोटे आधीच उचलून धरायला सांगा, फक्त टाच टेकलेली, म्हणजे ढकलायला जागा उरत नाही. जांघेसाठी सायकलची जुनी ट्यूब: एक टोक मागे खांबाला घोट्याच्या उंचीवर, दुसरे घोट्याला फडक्यावरून, तोंड खांबाच्या उलट दिशेला, एका हाताला आधार, आणि गुडघा झटकन वर-पुढे. वॉल्व्हचा तुकडा कापून टाका, दर आठवड्याला ट्यूब ताणून चिरा पाहा. चिरलेली ट्यूब सुटली की डोळ्यावर बसते.

किती करायचे? एक दिवसाआड, आठवड्याला तीन दिवस. प्रत्येक व्यायाम ८ ते १२ वेळा, असे तीन फेरे, दोन फेऱ्यांत दोन मिनिटे बसून विश्रांती. शेवटच्या दोन वेळा चेहऱ्यावर जोर दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर वजन कमी आहे, मग शंभर वेळा करा, उपयोग नाही. लागोपाठ दोन दिवस १२ पूर्ण झाले की वजन थोडे वाढवा. झटक्याचे व्यायाम हलक्या वजनाने ६ ते ८ वेळाच, ताज्या पायांनी, सुरुवातीला. वेग पडला की फेरा संपला. दुसऱ्या दिवशी स्नायू दुखणे ठीक, सांधा दुखणे ठीक नाही. रोज तासभर करणारे उत्साही कुटुंब तिसऱ्या आठवड्यात थकून सगळेच सोडते. त्यापेक्षा एक दिवसाआड तीन महिने चाललेले कितीतरी चांगले.

पाय तयार असूनही गाडी अडते ती डोक्यामुळे, आणि नेमके हेच घरच्यांना कोणी समजावून सांगत नाही. ‘व्यायाम कर म्हटलं की हो म्हणते, पण उठत नाही’ ही तक्रार घराघरांत असते. त्याला आळशी म्हटले जाते, कुठे बाहेरची बाधाही ठरते. मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागला की स्वतःहून सुरुवात करण्याची क्षमताच कमी होते. त्याला सांगत बसू नका. हात धरून खुर्चीपर्यंत न्या, समोर बसून स्वतः करून दाखवा, पहिली उठबस त्याच्याबरोबर करा, पुढच्या तो करेल. एका वेळी एकच सूचना. ‘पुढे वाक, पाय मागे घे, आणि हळू बस’ या वाक्यात तीन सूचना आहेत, त्यातली एकही पोहोचत नाही. टीव्ही बंद, भोवतीची पोरे बाहेर. जागा आणि वेळ रोज तीच, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच्याच हाताने किती वेळा झाले तो आकडा. आठवण कमी झालेल्या माणसाला ‘काल दहा झाले होते’ हे पटत नाही. आपल्याच अक्षरातले पटते.

काहींचे उलट असते. त्यांना स्वतःची कमजोरी कळतच नाही. दोन पावले जमली की ते एकटेच विहिरीकडे निघतात. अशा माणसाच्या बाबतीत भीती पडण्याची आहे, आणि त्याला वजनापेक्षा पाळत जास्त लागते.

थकवाही साधा नसतो. सकाळी पाहुण्यांशी तासभर बोलून झालेला माणूस दुपारी पाय उचलू शकत नाही, कारण बोलणे हेही त्याच्या मेंदूला ओझेच आहे. भेटायला येणाऱ्यांची रांग व्यायामानंतर ठेवा. एकदम ४० मिनिटांऐवजी २०-२० मिनिटांचे दोन भाग करा. बाजेवरून उठताना गरगरत असेल तर आधी दोन-तीन मिनिटे पाय सोडून बसवा. कूस बदलली, मान वर केली की क्षणभर घर फिरते असे तो सांगत असेल, तर ती कानाच्या आतली गडबड असू शकते. डोक्याच्या मारानंतर ती बऱ्याच जणांना होते आणि जाणकाराने डोके ठरावीक पद्धतीने फिरवले की बहुधा थोड्याच बैठकांत थांबते. त्यासाठी वर्षानुवर्षे चक्कर थांबवण्याच्या गोळ्या खात बसणे व्यर्थ आहे.

ऊन विसरून चालत नाही. एप्रिल-मेमध्ये टिनाखालच्या खोलीत दुपारी व्यायाम म्हणजे अन्याय. सकाळी आठच्या आत किंवा सूर्य बुडाल्यावर. पाणी मागण्याचे भान नसलेल्याला आपण होऊन द्यावे लागते. आणि खाणे. स्नायू बनवायचा तर प्रथिने हवीत, आणि आजाऱ्याला म्हणून जे वरण दिले जाते त्यात डाळ शोधावी लागते. शंभर ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यात सहा, पाव लिटर दुधात आठ. वजनाच्या दर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम, असा साधा हिशेब धरा. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. घट्ट वरण, दोन अंडी, दूध आणि शेंगदाण्याचा कूट यांत बरेचसे भागते. कूटच म्हटले, दाणे नाही: गिळताना ठसका लागत असेल तर अख्खा शेंगदाणा श्वासनळीत जातो. ठसका रोज लागत असेल तर कूटही थांबवा आणि आधी गिळण्याची तपासणी करून घ्या.

सुधारणा होते की नाही, हे ‘आता बरा चालते’ यावर ठरवू नका. सपाट जागेवर १४ मीटर मोजा. पहिले दोन आणि शेवटचे दोन मीटर सोडून मधल्या १० मीटरला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. निरोगी माणसाला सात-आठ सेकंद लागतात. २५ सेकंदांच्या वर लागत असतील तर तो घरापुरताच चालतो. साडेबारा सेकंदांच्या आत आला की गावात, बाजारात फिरण्याजोगा झाला, असे ढोबळ माप आहे. हे आकडे मुळात लकव्याच्या पेशंटवरून आलेले आहेत, पण अंदाजाला चालतात. दोन आठवड्यांनी एकदा, त्याच वेळी, त्याच चपलेत मोजा. याच्या पुढच्या पायरीसाठी, म्हणजे पळणे, अडथळा ओलांडणे, उड्या, मागे चालणे, यासाठी विल्यम्स यांचीच ‘हायमॅट’ नावाची चाचणी आहे. १३ बाबी, ५४ गुण, आणि साहित्य म्हणजे स्टॉपवॉच, मोकळी जागा आणि एक जिना.

शहरातल्या पेशंटला १० मीटर सपाट फरशी पुरते. आपल्याकडच्या माणसाला पांदण चालायची असते, धुरा चढायचा असतो, पावसाळ्यात काळ्या मातीचे लगदे चपलेला घेऊन पाय उचलायचा असतो. म्हणून घराभोवती चाल जमली की व्यायाम वावराकडे न्यावा लागतो: ठिबकच्या नळीवरून पाऊल टाकणे, सरीतून चालणे, वरंब्यावरून तिरपे उतरणे, मागे चालणे, दोन किलोची पिशवी एका हातात घेऊन वळणे. कापूस वेचणीची वाकलेली चाल सगळ्यात शेवटी. बाईमाणसाला बहुतेक घरांत इतका वेळ मिळतच नाही. ती उभी राहू लागली की पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, तिच्या हातात येतो. निदान चुलीपुढच्या पाटावरून हात न टेकता उठणे आणि अर्धा गुंड घेऊन चालणे हे तिच्या व्यायामात आधी बसवा, मग कामात येऊ द्या.

फवारणीचा पंप मात्र वर्ज्य. वजनाच्या व्यायामासाठीही जुना पंप पाठीवर घेऊ नये, कारण त्यात औषधाचा अंश असतो. शिवाय डोक्याच्या माराने कित्येकांची वास घेण्याची शक्तीच जाते. औषध सांडलेले त्यांना नाकाने कळत नाही, गॅस गळतो तेही कळत नाही. विहिरीचा काठ, झाड, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल हे सगळे, फिटचा धोका नाही असे डॉक्टर सांगेपर्यंत, लांब.

चार वर्षे झाली, आता काय उपयोग, असे म्हणणारेही आहेत. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते हे खरे. पण स्नायू ओझ्याला उत्तर देतो ते चार वर्षांनीही देतो. फक्त सुरुवात हलकी, आणि ‘पूर्वीसारखा होईल’ असा शब्द कोणी देऊ नये.

आता आमचे मागणे. तालुक्याला फिजिओथेरपीसाठी जायचे म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडते. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचे प्रमाणपत्र काढले तर एसटीत सवलत मिळते, पण ते काढायलाही चकरा आहेतच. आठवड्यातून तीनदा कोणी जाऊ शकत नाही. महिन्यातून एकदा जाऊ शकते, आणि मधले व्यायामाचे बारा दिवस घरी नीट झाले तर तेवढे पुरते. त्यासाठी दवाखान्यांनी एक गोष्ट करावी. सुट्टीच्या कार्डावर ‘फिजिओथेरपी चालू ठेवा’ अशी एक ओळ असते. तिच्या जागी मराठीत पाच गोष्टी लिहाव्यात: कवटीचे हाड जागेवर आहे की काढलेले, कोणता पाय कमजोर, कोणते तीन व्यायाम आणि किती वजनाने, आजचे १० मीटरचे सेकंद, आणि पुढची तारीख. सेकंद मोजायला आशाताईंना अर्ध्या तासात शिकवता येते. सेकंद वाढू लागले तर तो फोन करण्याचा इशारा आहे, पुढच्या तारखेची वाट पाहण्याचा नाही. आणि प्रत्येक आयुष्मान आरोग्य मंदिराच्या अंगणात १४ मीटरची रेघ आखून ठेवावी, दोन्ही टोकांपासून दोन-दोन मीटरवर खुणा करून. खडूने चालेल, पावसाळ्यापुरता ऑइलपेंट लागेल.

आपले,
मेंदूच्या दुखापतीच्या पेशंटसोबत काम करणारे फिजिओथेरपिस्ट,
यवतमाळ व वर्धा जिल्हा